घरावरचे तुळशीपत्र

आफ्रिकेतील एखाद्या दूरच्या मुलखात जाऊन तेथे आयुष्य वेचणाऱ्या परदेशी डॉक्टरांविषयी मराठीत काही लिहिले गेले की त्यात एक वाक्प्रचार हमखास येतो. त्यांनी घरावर तुळशीपत्र ठेवले, असे म्हटले जाते. वाक्प्रचार मोठा अर्थपूर्ण आहे. वस्तूवर तुळशीपत्र ठेवले की तिच्यावरील आपला हक्क संपला, ती देवाची झाली. परंतु जी वस्तू आपल्या एकट्याच्या मालकीची आहे तीच दान करावी, हा दानाचा मूळ नियम आहे. ज्या गोष्टी कोणालाही देता येत नाहीत त्यांची यादी नारदस्मृतीने केली, तेव्हा तीत ठेव आणि गहाण यांच्या जोडीला पुत्र व पत्नी यांचाही समावेश केला. घर म्हणजे केवळ चार भिंती आणि छप्पर असते तर प्रश्नच नव्हता. घरात पत्नी असते, पती असतो, मुले असतात, मागे राहिलेले वृद्ध आईवडील असतात. त्यांच्या वतीने तुळशीपत्र ठेवण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न गौरवपर लेखांत आणि सत्कारसमारंभांतील भाषणांत सहसा विचारला जात नाही.

तो विचारणे म्हणजे त्या माणसांच्या सेवेचे मोल कमी करणे नव्हे. सेवेचे खरे मोल ठरवावयाचे तर ते कोणाकोणाच्या खात्यातून फेडले गेले हे पाहावेच लागते. आणि ते पाहू गेल्यास असे दिसून येते की, ज्यांची नावे इतिहासात राहिली त्यांच्यापेक्षा ज्यांची राहिली नाहीत त्यांच्या खात्यातून पुष्कळदा अधिक रक्कम वजा झालेली आहे.

डेव्हिड लिव्हिंग्स्टन याचे उदाहरण सर्वांत जुने आणि सर्वांत कठोर. हा स्कॉटलंडचा डॉक्टर धर्मप्रसारक म्हणून दक्षिण आफ्रिकेत गेला आणि पुढे शोधप्रवासी म्हणून जगप्रसिद्ध झाला. त्याची पत्नी मेरी मोफॅट आफ्रिकेतच जन्मलेली व वाढलेली, त्या भूमीची भाषा आणि रीतभात नवऱ्यापेक्षा अधिक जाणणारी. १८४५ मध्ये त्यांचा विवाह झाला. पुढे गर्भवती पत्नी आणि लहान मुले यांना बरोबर घेऊन लिव्हिंग्स्टनने कालाहारीचे वाळवंट एकदा सोडून दुसऱ्यांदा ओलांडले. १८५० मध्ये जन्मलेली मुलगी काही आठवड्यांतच दगावली. तेव्हा त्याच्या सासूने त्याला जे खरमरीत पत्र धाडले, ते त्याच्या चरित्रकारांना आजही टाळता येत नाही. अखेर १८५२ मध्ये त्याने पत्नी व मुले यांना केपटाऊनहून विलायतेला रवाना केले आणि स्वतः आफ्रिकेच्या अंतर्भागात निघून गेला. साडेचार वर्षांहून अधिक काळ त्यांची भेट झाली नाही. ज्या देशाला ती ‘स्वदेश’ म्हणून पाठविली गेली तो देश मेरीचा नव्हताच. पैशाची चणचण, एका बिऱ्हाडातून दुसऱ्या बिऱ्हाडात फिरणे आणि मद्याचा आधार यांत तिची ती वर्षे गेली. १८६२ मध्ये ती पुन्हा त्याच्याकडे झांबेझीच्या काठी आली आणि काही महिन्यांतच हिवतापाने शुपांगा येथे मरण पावली.

येथे महाराष्ट्राचा एक धागा येऊन मिळतो व तो सांगितल्याशिवाय पुढे जाणे योग्य होणार नाही. नाशिकजवळच्या शरणपूर येथे चर्च मिशनरी सोसायटीने एक आश्रम चालविला होता. अरबी समुद्रात गुलामांची जहाजे पकडली जात, त्यांतून सुटलेल्या आफ्रिकी मुलांना तेथे शिक्षण व हस्तव्यवसाय शिकविला जाई. ‘नाशिकची मुले’ म्हणून ती ओळखली जात. त्यांपैकी जेकब वेनराइट हा लिव्हिंग्स्टनच्या शेवटच्या प्रवासात त्याच्याबरोबर होता. १८७३ मध्ये आजच्या झांबियातील एका खेड्यात लिव्हिंग्स्टन वारला, तेव्हा त्याचे हृदय एका झाडाखाली पुरताना प्रार्थना म्हटली ती या वेनराइटने. मग त्याने व त्याच्या सोबत्यांनी तो देह शेकडो कोस चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून नेला. पुढे देहासोबत इंग्लंडपर्यंत गेला तोही वेनराइटच. ज्यांची घरे गुलामांच्या व्यापाऱ्यांनी बालपणीच मोडली, त्यांनी स्वतःचे घर स्वतःच दूर लोटणाऱ्या माणसाला घरी पोहोचविले. लिव्हिंग्स्टनच्या कीर्तीचा जयघोष झाला, त्यात मेरीला जेवढी जागा मिळाली त्याहून या मंडळींना काही फारशी अधिक मिळाली नाही.

आल्बर्ट श्वाइट्झर यांची गोष्ट अधिक सौम्य आहे, पण वेगळी नाही. तत्त्वज्ञ, धर्मशास्त्रज्ञ, ऑर्गनवादक अशी कीर्ती मिळविलेला हा विद्वान तिशीत वैद्यक शिकू लागला आणि १९१३ मध्ये फ्रेंच अमलाखालील गॅबॉनमध्ये लांबारेने येथे गेला. त्यांच्या पत्नी हेलेन ब्रेस्लाउ या त्यांच्यासोबत गेल्या त्या केवळ गृहिणी म्हणून नव्हे. याच कामासाठी त्या परिचर्येचे शिक्षण घेऊन आल्या होत्या. पहिल्या शस्त्रक्रियांत भूल देणे, उपकरणे निर्जंतुक करणे ही त्यांची कामे होती. महायुद्ध पेटले. अल्सेस तेव्हा जर्मनीत असल्याने हे दाम्पत्य फ्रेंचांच्या लेखी शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले आणि १९१७ मध्ये दोघांना फ्रान्समध्ये स्थानबद्ध करण्यात आले. १९१९ मध्ये रेना ही कन्या झाली. हेलेन यांना क्षयाने गाठले होते. १९२४ मध्ये श्वाइट्झर पुन्हा लांबारेनेला निघाले ते पत्नी व पाच वर्षांची मुलगी यांना जर्मनीतील ब्लॅक फॉरेस्टमध्ये मागे ठेवून. ते परतले १९२७ मध्ये. बापाची जी वर्षे मुलीच्या आठवणीत राहावयाची, ती अशी कोरी राहिली.

१९५२ सालचे शांततेचे नोबेल पारितोषिक श्वाइट्झर यांना मिळाले. हेलेन १९५७ मध्ये वारल्या. त्यांच्या अस्थी लांबारेनेत विसावल्या, म्हणजे देह ज्या हवेला सोसला नाही त्या हवेत त्यांना अखेर जागा मिळाली. कन्येची कथा मात्र मनोरंजक वळण घेते. रेना प्रौढपणी प्रयोगशाळेतील तंत्र शिकून बापाच्या रुग्णालयात कामाला आली आणि १९६५ मध्ये ते निवर्तल्यावर काही वर्षे तिने रुग्णालयाचा कारभार पाहिला. लहानपणी ज्या रुग्णालयाने बाप हिरावून घेतला, बापाला भेटावयाचे तर त्याच रुग्णालयात जावे लागते, हे तिने ओळखले असावे. हा तर्क आहे. परंतु अशा घरांतील मुलांच्या बाबतीत तो वारंवार करावासा वाटतो.

आफ्रिकेत परदेशी डॉक्टर म्हणजे गोरा डॉक्टर, हा समजही पुसून टाकला पाहिजे. पूर्व आफ्रिकेत रेल्वेचे रूळ पडू लागले तेव्हा मजुरांबरोबर हिंदुस्थानातून सब-असिस्टंट सर्जनही गेले. गोव्याहून गेलेले डॉ. रोझेंदो आयर्स रिबेरो हे नैरोबीतील पहिल्या खाजगी डॉक्टरांपैकी एक. माणसाळविलेल्या झेब्र्यावर बसून ते रुग्णांच्या घरी फेरी मारीत, हे तेथील जुन्या छायाचित्रांत आजही पाहावयास मिळते. १९०२ मध्ये तेथील हिंदी बाजारात प्लेग पसरला आहे हे त्यांनीच प्रथम सांगितले, आणि सरकारने तो बाजारच जाळून टाकला. सरकारी नोकरीतील हिंदी डॉक्टरांची स्थिती मात्र झेब्र्याइतकी रंगतदार नव्हती. गोऱ्या अधिकाऱ्याला जो बंगला, जी रजा व जो प्रवासखर्च मिळे, तो त्यांना मिळत नसे. कुटुंब आणावयाचे की कोकणात, गोव्यात वा गुजरातेत ठेवावयाचे, हा निर्णय पुष्कळदा पगाराच्या आकड्यानेच केला. आणि ज्यांनी कुटुंबे आणली, तेथे घरे बांधली, मुले तेथील शाळांत घातली, त्यांपैकी युगांडातील आशियाई कुटुंबांना १९७२ च्या ऑगस्टमध्ये ईदी अमीनने नव्वद दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला. दवाखाना चालविणारे असोत की दुकान चालविणारे असोत, पिढ्यांचे घर दोन-चार पेट्यांत भरून त्यांना विमानतळ गाठावा लागला.

याच युगांडाच्या उत्तर भागात, गुलू शहराजवळ, लाकोर नावाच्या ठिकाणी एक रुग्णालय आहे. त्या रुग्णालयातील एका घराची हकीकत विस्ताराने सांगण्याजोगी आहे, कारण परदेशी डॉक्टरांच्या संसाराविषयीचे जवळजवळ सर्व प्रश्न त्या एका घरात एकवटले आहेत.

पिएरो कोर्ती हा इटलीतील सधन कुटुंबातला बालरोगतज्ज्ञ. लुसील टीजडेल ही मॉन्ट्रिऑलची, कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील अगदी पहिल्या महिला शल्यचिकित्सकांपैकी एक. बाई म्हणून अमेरिकेतील रुग्णालयांनी तिला पुढील शिक्षणासाठी दारे बंद केली, तेव्हा ती फ्रान्समध्ये गेली. कोर्तीशी तिची ओळख मॉन्ट्रिऑलच्या रुग्णालयातच झाली होती. लाकोरला मिशनने नुकतेच, १९५९ मध्ये, एक लहान रुग्णालय काढले होते आणि ते मोठे करण्याचा ध्यास कोर्तीने घेतला होता. शस्त्रक्रिया विभाग सुरू करून देण्यासाठी दोन महिने ये, अशी गळ त्याने तिला घातली. १९६१ मध्ये ती आली, दोन महिन्यांकरिता. त्याच वर्षीच्या डिसेंबरात रुग्णालयाच्या छोट्या प्रार्थनामंदिरात त्यांचा विवाह झाला आणि पुढल्या वर्षी नोव्हेंबरात, म्हणजे युगांडा स्वतंत्र झाल्यावर अवघ्या महिन्याभराने, कन्या झाली. तिचे नाव दोमिनिक. तेथील अचोली लोकांनी तिला दुसरे नाव दिले, आतिम. घरापासून दूर जन्मलेल्या मुलीला अचोली भाषेत हे नाव देतात.

या नावात एक गंमत आहे आणि एक दुखरी जागाही आहे. आईबापांच्या लेखी ती घरी जन्मली होती, कारण त्यांचे घर आता लाकोर हेच होते. अचोली शेजाऱ्यांच्या लेखी ती परक्या मुलखात जन्मली होती, कारण तिचे कुळ दुसरीकडे होते. दोन्ही बाजू प्रेमानेच बोलत होत्या, आणि दोन्ही खऱ्या होत्या. अमेरिकेच्या समाजशास्त्रज्ञ रूथ यूसीम यांनी १९५० च्या दशकात भारतात राहणाऱ्या परदेशी कुटुंबांचा अभ्यास करताना अशा मुलांसाठी ‘तिसऱ्या संस्कृतीची मुले’ ही संज्ञा रूढ केली. आईबापांचा देश त्यांचा पुरता नसतो, जेथे वाढतात तो देशही पुरता नसतो. संज्ञा शास्त्रीय आहे. ‘आतिम’ या शब्दात तेच अधिक जिव्हाळ्याने सांगितलेले आहे.

लुसीलचा दिवस कसा जाई, हे तिच्याविषयी लिहिणाऱ्या सर्वांनी नोंदविले आहे. सकाळी बाह्यरुग्णांची प्रचंड रांग, दुपारपासून शस्त्रक्रिया. आयुष्यभरात तिने सुमारे तेरा हजार शस्त्रक्रिया केल्या असे मानले जाते. पिएरो बांधकाम, पैसा, औषधे, परवाने यांच्या मागे धावे. तीस-चाळीस खाटांचे ते रुग्णालय पुढे काही शे खाटांचे झाले. अशा घरात मुलाच्या वाट्याला काय येते? रुग्णालयाचे आवार हेच अंगण, परिचारिका व भगिनी याच मावश्या, आणि आई दिसते ती बहुधा हिरव्या झग्यात. हे बालपण गरीब नव्हते. किंबहुना शहरातील कितीतरी बंद दारांआडच्या बालपणांपेक्षा ते समृद्ध होते. तथापि अमीनची राजवट आली, सैनिक रुग्णालयात शिरू लागले, रस्त्यांवर प्रेते दिसू लागली, तेव्हा या आईबापांपुढे तो प्रश्न उभा राहिला जो परदेशी डॉक्टरांच्या प्रत्येक घरात केव्हातरी उभा राहतोच. मुलीला येथेच ठेवावयाचे, की बाहेर पाठवावयाचे, की तिच्यासह आपणही जावयाचे? त्यांनी मुलीला शिक्षणासाठी बाहेर पाठविले. स्वतः तेथेच राहिले.

या निर्णयाला नावे ठेवणे सोपे आहे आणि त्याला टाळ्या वाजविणे त्याहून सोपे आहे. दोन्ही टाळलेले बरे. लुसील त्या दिवशी निघून गेली असती तर त्या जिल्ह्यात पोट फाडून गोळी काढणारा दुसरा हात जवळपास नव्हता. ज्या मुलांच्या आया त्या टेबलावर वाचल्या त्यांच्या दृष्टीने हिशेब अगदी स्पष्ट आहे. परंतु आईविना वाढलेल्या एका मुलीच्या दृष्टीने हिशेब वेगळा असू शकतो, आणि तो वेगळा असला म्हणून ती मुलगी स्वार्थी ठरत नाही. प्रौढांनी केलेल्या त्यागाला मुलाने कृतज्ञ असलेच पाहिजे, ही अपेक्षा आपल्या समाजात फार खोलवर रुजलेली आहे. देशभक्तांच्या, समाजसेवकांच्या, कलावंतांच्या मुलांवरही ती लादली जाते. मोठ्या कामात गुंतलेल्या माणसाचे मूल रडले, तर ते रडणे क्षुद्र मानले जाते.

१९७९ मध्ये अमीनची सत्ता उलथली गेली. पळत्या सैन्याने लूट केली, नंतरच्या वर्षांत यादवी पेटली, आणि लाकोरच्या शस्त्रक्रियागृहात युद्धातले जखमी येऊ लागले. फुटलेल्या हाडांच्या टोकदार कपच्या हातमोज्यांतून बोटांत घुसत. त्या काळात एड्स हे नावही जगाला ठाऊक नव्हते. १९८५ मध्ये लंडन येथे तपासणी झाली आणि लुसीलच्या रक्तात त्या विषाणूची लागण असल्याचे निष्पन्न झाले. फार तर दोन वर्षे हाती आहेत असा तेव्हा अंदाज होता. ती आणखी अकरा वर्षे जगली व त्यांतील बराच काळ काम करीत राहिली. १ ऑगस्ट १९९६ रोजी इटलीत तिचे निधन झाले. दफन मात्र लाकोरच्या आवारात झाले. २००३ मध्ये पिएरोही गेला आणि तिच्या शेजारी विसावला. कन्या डॉक्टर झाली, आणि आईबापांच्या नावाची इटलीतील जी संस्था रुग्णालयासाठी निधी जमविते, तिची धुरा तिने उचलली. पुन्हा तीच वाट, जी रेना श्वाइट्झरने धरली होती.

येथे थांबले तर ही हकीकत एका परदेशी कुटुंबाच्या त्यागाची कहाणी होईल, आणि तशी ती अनेकदा सांगितलीही गेली आहे. परंतु लाकोरच्या आवारात एका अचोली माणसाचीही कबर आहे, आणि तिच्याकडे पाठ करून हा विषय पुरा होत नाही.

मॅथ्यू लुक्विया हा त्याच मातीतला मुलगा. १९८३ मध्ये शिकाऊ डॉक्टर म्हणून तो लाकोरला आला. आपल्यामागे रुग्णालय याने चालवावे, हे कोर्ती दाम्पत्याने लवकरच मनाशी धरले. उत्तर युगांडात बंडखोरांचा धुमाकूळ चालू होता. १९८९ मध्ये ते रुग्णालयातील भगिनींना पळवून नेण्यास आले, तेव्हा लुक्वियाने त्यांच्याऐवजी मला न्या असे सांगितले. काही दिवस रानावनातून फिरवून त्याला सोडण्यात आले. पुढे तो इंग्लंडमध्ये लिव्हरपूल येथे उष्ण कटिबंधातील वैद्यक शिकला, उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाला आणि परत आला. त्याला पत्नी होती, पाच मुले होती. २००० च्या ऑक्टोबरात तो काँपाला येथे माकेरेरे विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेत होता. लाकोरहून दूरध्वनी आला की रुग्णालयातील शिकाऊ परिचारिका एका विचित्र आजाराने मरत आहेत. कुटुंबाला काँपालात ठेवून तो निघाला. आजार इबोलाचा असावा हे त्यानेच प्रथम ओळखले, सरकारला कळविले आणि विलगीकरण कक्ष उभा केला. त्या साथीत ४२५ जणांना लागण झाली व २२४ दगावले. रुग्णालयातील कर्मचारी एकामागून एक मरू लागले. आजारी पडलेल्या एका सहकाऱ्याची रात्री शुश्रूषा करताना लुक्वियाला लागण झाली. पत्नी भेटीस आली, पण संरक्षक वस्त्रांत गुरफटून, अंतर राखूनच तिला त्याला पाहता आले. ५ डिसेंबर २००० रोजी तो वारला. लाकोरच्या कर्मचाऱ्यांतून त्या साथीने एकूण तेरा बळी घेतले.

आता दोन्ही घरांचे हिशेब शेजारी मांडावेत. कोर्तींच्या घराने जे दिले ते अपार होते. परंतु त्या घराकडे एक वस्तू नेहमीच होती: परतीचे तिकीट. ते त्यांनी वापरले नाही, यातच त्यांचा मोठेपणा आहे. तथापि मुलीसाठी ते वापरता आले, लंडनमधील तपासणीसाठी वापरता आले, अखेरच्या दिवसांसाठी वापरता आले. लुक्वियाच्या घराकडे ते तिकीट नव्हते. त्याची मुले पाठवावयाची तर फार तर काँपालापर्यंत, तेही त्याच युद्धाच्या सावलीत. रुग्णालयाच्या आवारात रात्री आसऱ्याला येणाऱ्या हजारो बायामुलांकडे तेवढेही नव्हते.

२०१४ च्या पश्चिम आफ्रिकेतील इबोलाच्या साथीत हा फरक साऱ्या जगाने पाहिला. लायबेरियात काम करणाऱ्या एका अमेरिकन डॉक्टरला लागण झाली. त्याची पत्नी व मुले काही दिवसांपूर्वीच मायदेशी गेली होती. खास विमानाने त्याला अमेरिकेत नेण्यात आले, नवे प्रायोगिक औषध देण्यात आले आणि तो बरा झाला. त्याच सुमारास सिएरा लिओनचे डॉ. शेख उमर खान, साथीविरुद्धच्या लढ्यातील त्या देशाचे प्रमुख सेनानी, स्वतः आजारी होते. ते औषध हाताशी असूनही, न तपासलेले औषध द्यावे की न द्यावे याचा खल झाला आणि ते देण्यात आले नाही. २९ जुलै २०१४ रोजी त्यांचा मृत्यू झाला. निर्णय घेणाऱ्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु विमान कोणासाठी येते आणि कोणासाठी येत नाही, हे मात्र हेतूंवर अवलंबून नसते. ते आधीच लिहून ठेवलेल्या करारांवर अवलंबून असते.

म्हणूनच या प्रश्नाची चर्चा भावनेच्या पातळीवरून उतरवून कराराच्या कागदावर आणली पाहिजे. आज आफ्रिकेत जाणारा परदेशी वैद्यकीय कर्मचारी हा बहुधा आजन्म व्रत घेऊन जात नाही. तो सहा महिने, वर्ष, तीन वर्षे अशा मुदतीवर जातो. अनेक आंतरराष्ट्रीय संस्थांत धोक्याच्या जागी कुटुंब नेण्यास मनाई असते, आणि ती योग्यच म्हणावी लागेल. क्यूबाने तर १९६३ मध्ये अल्जीरियापासून आरंभ करून आफ्रिकेतील कितीतरी देशांत डॉक्टर पाठविले. त्यांच्या कामाची साक्ष लक्षावधी रुग्ण देतील. तथापि हे डॉक्टर जातात ते बहुधा कुटुंब मागे ठेवून, आणि मोहीम अर्ध्यावर सोडणाऱ्याला आठ वर्षे मायदेशी परतू दिले जात नाही, अशी मानवी हक्क संघटनांची तक्रार आहे. म्हणजे येथे कुटुंब हे केवळ मागे राहिलेले नसते, ते तारण ठेवलेले असते. दुसऱ्या टोकाला भरघोस पगाराच्या जागा आहेत, जेथे बंगला, नोकर आणि मुलांची आंतरराष्ट्रीय शाळा हे सर्व मिळते, आणि त्याच वॉर्डात त्याच पाळीला उभ्या असलेल्या स्थानिक परिचारिकेचा पगार महिनोन्‌महिने थकलेला असतो. कोणतेही मूल ज्या शाळेच्या बसमधून जाते त्या बसच्या काचेतून पाहतच वाढते. तेथून त्याला काय शिकावयास मिळते, याचा विचार त्या घरातील आईबापांनी करावयास हवा.

यावर असा आक्षेप येईल की इतका हिशेब करू लागले तर कोणी जाणारच नाही. हा आक्षेप पोकळ आहे. लुसील टीजडेल दोन महिन्यांसाठी गेली होती. तिला कोणी आजन्म बांधून घेतले नव्हते, म्हणूनच ती राहिली असे म्हणता येईल. जे कबूल केले त्याची किंमत आधी ठाऊक असली तर माणसे पळून जातात असा अनुभव नाही. पळून जातात ती बहुधा फसवणूक झाल्यावर. जोडीदाराला तेथे काम करण्याची परवानगी मिळेल की नाही, मूल आजारी पडले तर कोणत्या शहरात न्यावयाचे, सुई टोचून लागण झाली तर उपचार व भरपाई कोण देणार, कुटुंब दूर असल्यास किती महिन्यांनी भेट, मुदत संपल्यावर मायदेशी नोकरीत जागा राहील की नाही, हे प्रश्न निघण्यापूर्वी विचारणे म्हणजे सेवाभावाचा अभाव नव्हे. भारतातून, महाराष्ट्रातूनही आफ्रिकेतील रुग्णालयांकडे डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ जातात. त्यांच्या घरच्यांनी दलालाकडून पगाराचा आकडा तेवढा ऐकलेला असतो. हे बाकीचे आकडे त्यांनी मागितलेच पाहिजेत.

आणि त्याच कागदावर दुसरा एक स्तंभ असावा. परदेशी डॉक्टराच्या घराला जे संरक्षण, तेच त्याच्या शेजारी त्याच कक्षात काम करणाऱ्या स्थानिक सहकाऱ्याच्या घराला. त्याच्या मृत्यूनंतर मुलांच्या शिक्षणाची तीच तरतूद, लागण झाल्यास तेच औषध, आणि विमान आलेच तर त्याच विमानात जागा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये आरोग्यसेवकांच्या आंतरराष्ट्रीय भरतीविषयी आचारसंहिता संमत केली. तिचा रोख श्रीमंत देशांनी गरीब देशांतील डॉक्टर व परिचारिका ओढून नेऊ नयेत यावर आहे. ते आवश्यकच होते. परंतु लिव्हरपूलला शिकून परत येणाऱ्या लुक्वियाला परत आल्यावर काय मिळणार, त्याच्या पत्नीला काय मिळणार, हे ठरविल्याशिवाय तसे दुसरे लुक्विया परत यावेत ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करावयाची?

लाकोरचे रुग्णालय आज युगांडाचे डॉक्टर चालवितात. खाटा पाचशेच्या आसपास आहेत, आणि तेथे शिकून बाहेर पडलेल्या परिचारिका देशभर पसरल्या आहेत. आवारात कोर्ती दाम्पत्य आणि लुक्विया यांच्या कबरी जवळजवळ आहेत. प्रसूतिकक्षात रोज मुले जन्मतात. त्यांतील एखादीचे नाव आजही आतिम ठेवले जात असेल. तिची आई युद्धाच्या वर्षांत घर सोडून निघालेल्या कोणा बाईची मुलगी असेल, आणि ते नाव ठेवताना घर नेमके कोठले धरावयाचे, हा प्रश्न तिच्या आजीलाही पडत असेल.